डिझेल मीटरचे कॅलिब्रेशन करताना या चुका टाळा

गळीत हंगाम तोंडावर आला की सांगली जिल्ह्यातील ऊस वाहतूकदारांच्या यार्डांतून एकच तक्रार येऊ लागते: टाकीवरचा मीटर जास्त दाखवतो, फॅक्टर बदलून द्या. (फॅक्टर म्हणजे मीटरमध्ये भरलेला तो आकडा, ज्यावरून मीटर लिटर काढतो; तो दुरुस्त करणे म्हणजेच कॅलिब्रेशन.) फॅक्टरला हात लावण्यापूर्वी एकाच मापात, एकाच वेगाने तीनदा डिझेल सोडून पाहावे. तिन्ही आकडे जुळत नसतील, तर फॅक्टर बदलून काहीही साधणार नाही.

पलूसजवळच्या एका यार्डात २० लिटरचा प्लास्टिकचा कॅन गळ्यापर्यंत भरेतो मीटरवर २१.२० आले आणि मालकांनी त्या हिशेबाने फॅक्टर कमी करूनही टाकला. वस्तुतः असा कॅन काठोकाठ भरल्यास त्यात २० लिटरपेक्षा बरेच जास्त मावते. जुना फॅक्टर परत घालून प्रमाणित मापाने (अचूक क्षमतेच्या तपासणी-भांड्याने) तपासले, तेव्हा मीटरने २०.०५ दाखवले.

प्रमाणित मापही कोरडे वापरू नये. ते एकदा भरून रिकामे करावे, धार तुटल्यावर ३० सेकंद निथळू द्यावे आणि मगच चाचणीला घ्यावे. अन्यथा भिंतींना चिकटलेल्या डिझेलमुळे पातळी कमी दिसते आणि खापर मीटरवर फुटते. फेस बसेपर्यंत थांबून, माप सपाट जागी ठेवून, डोळा पातळीच्या रेषेत आणून वाचावे.

आकडे जुळत नसल्यास बहुधा हवा हे कारण असते. सक्शन पाइपचा जोड सैल असेल किंवा फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाशी असलेली, डिझेल मागे परतू न देणारी झडप) गळत असेल, तर मीटर डिझेलबरोबर हवाही मोजतो आणि आकडा फुगतो. नोझलची धार तुटक-तुटक येत असेल, तर शंका तेथूनच घ्यावी. याउलट नोझल अर्धवट दाबून बारीक धार सोडल्यास ओव्हल गिअरच्या (मीटरमधील अंडाकृती दातेरी चाकांच्या) कडेने डिझेल न मोजता निसटते आणि आकडा कमी पडतो. म्हणून ट्रॅक्टर ज्या वेगाने भरता, त्याच वेगाने चाचणी घ्यावी.

फॅक्टर उलटा बदलणे ही चूक तर अनुभवी मेकॅनिकही करतात (माझ्याही हातून ती झाली आहे). फॅक्टर ‘प्रतिलिटर पल्स’ (एका लिटरमागे मीटर मोजत असलेले विद्युत ठोके) या स्वरूपात असेल आणि तो ५० असताना मीटरने २०.४०, मापाने २०.०० दाखवले, तर पल्स १०२० झाले (२०.४० × ५०). ते प्रत्यक्षातल्या २० लिटरने भागले की नवा फॅक्टर ५१, म्हणजे वाढलेला. फॅक्टर गुणक स्वरूपात (मीटरच्या आकड्याला ज्याने गुणले जाते असा) असेल, तर तो याच प्रमाणात कमी करावा लागतो. बदलानंतर पुन्हा चाचणी घेऊन जुना आणि नवा आकडा वहीत लिहून ठेवावा.

टँकरच्या पावतीशी मीटर ताडून पाहणेही फसवे आहे, कारण १००० लिटर डिझेल १० अंशांनी तापले तर सुमारे ८ लिटरने फुगते.

हे सर्व स्वतःच्या वापराच्या मीटरपुरतेच आहे. विक्रीच्या पंपावरील मीटर वैध मापनशास्त्र यंत्रणेने सीलबंद केलेला असतो आणि ते सील मालकाने तोडणे हा गुन्हा आहे. तेथे शंका आल्यास ग्राहकाने पंपावरच्या ५ लिटरच्या मापाने चाचणी मागावी, ज्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो.