लंडनची म्युझियम्स आणि जुन्या इमारती आई-बाबांना घेऊन, पायांचे तुकडे न पाडता कशा बघायच्या

आई-बाबा लेकाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहायला आलेत, नाहीतर तुम्हीच ऑफिसच्या कामाला आलात आणि शनिवार-रविवार मोकळा मिळालाय, दोन्हीकडे पहिली गोष्ट तीच, की इथली बहुतेक मोठी म्युझियम्स फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्ट्री, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी, दोन्ही टेट (टेट ब्रिटन आणि टेट मॉडर्न), सगळी. स्पेशल एक्झिबिशन असेल तर तेवढं तिकीट पडतं. पण फुकट म्हटलं की आपल्या लोकांचा हिशोब असा होतो की आलोच आहोत तर सगळं बघूनच जाऊ, आणि मग दुपारी तीन वाजता आई कुठल्यातरी बाकावर गुडघे दाबत बसलीये, बाबा चिडलेत, पोरं मोबाइलमध्ये, आणि अजून वरचा मजला राहिलाच आहे. पंगतीला बसल्यासारखं ताटात सगळं वाढून घ्यायची काही गरज नाही. उलट फुकट आहे म्हणूनच दीड-दोन तासांत बाहेर पडायचं, तिकिटाचे पैसे वसूल करायचेच नाहीयेत ना, मग उद्या परत या, पुढच्या आठवड्यात परत या, कोण अडवतंय.

बुकिंगचं आधी सांगतो. ब्रिटिश म्युझियम आणि नॅचरल हिस्ट्रीला फुकटच पण वेळेचा स्लॉट ऑनलाइन घेता येतो, तो घ्याच, नाहीतर सुट्टीच्या दिवशी रांग बघूनच परत फिराल. आणि बुकिंग फक्त म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरून करा, कारण गुगल केलं की वरती ज्या साइट्स येतात त्यातल्या काही फुकट म्युझियमचं "तिकीट" पैसे घेऊन विकतात, आत एक ऑडिओ गाइड नाहीतर टूर चिकटवलेली असते आणि आपल्याला वाटतं एंट्रीच एवढ्याची आहे.

वेळेचं म्हणाल तर भारतातून नुकतेच आलेले असाल तर पहाटे चारला डोळे टक्क उघडणार आणि दुपारी चारला मिटणार, तेव्हा पहिले तीन-चार दिवस सकाळी दहाचाच स्लॉट घ्या. शरीर इथल्या घड्याळावर आलं की मग शुक्रवार संध्याकाळ. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ब्रिटिश म्युझियम एरवी ५ ला बंद होतं पण शुक्रवारी रात्री ८:३० पर्यंत चालू असतं, नॅशनल गॅलरी ९ पर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट तर १० पर्यंत. काही दालनं त्या वेळी बंद असतात, पण शाळांच्या सहली नसतात, टूरवाल्यांच्या छत्र्या नसतात, आणि ज्या दगडापुढे सकाळी पाच रांगा असतात त्याच्यापुढे निवांत उभं राहता येतं.

तो दगड म्हणजे रोझेटा स्टोन, ब्रिटिश म्युझियममध्ये ४ नंबरच्या दालनात. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला आहे, त्यावरूनच इजिप्तची जुनी चित्रलिपी वाचता आली. सकाळचा स्लॉट असेल तर आत शिरल्याबरोबर आधी तिकडे जा, तासाभराने तिथं फक्त लोकांचे मोबाइल दिसतात. मग तिथून जवळच १० नंबरला असीरियन राजा अशुरबनिपालच्या सिंहाच्या शिकारीचे दगडी पट आहेत, इराकमधल्या निनेवेहून आणलेले, साडेसव्वीसशे वर्षांपूर्वीचे. माझ्या मते अख्ख्या इमारतीत यापेक्षा भारी काही नाही, बाण लागलेली सिंहीण मागचे पाय ओढत चाललीये ते एकदा बघा, आणि गंमत म्हणजे तिथं ममीच्या निम्मीपण गर्दी नसते. ममी वर ६२-६३ ला, पोरं सोबत असतील तर जावंच लागतं. आपल्याकडचं बघायचं असेल तर ३३ नंबर, आणि त्याला लागूनच ३३ ए मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. हे सगळं इथं कसं आलं, परत द्यायला हवं की नको, यावर बाबा आणि तुमचा वाद होणारच, तो बाहेर रसेल स्क्वेअरच्या बागेत बसून करा, तिथं बाकं भरपूर आहेत.

एवढं झालं की निघायचं. खरंच निघायचं.

सामानाचं एक लक्षात ठेवा, हीथ्रोवरून उतरून थेट चाकाची बॅग ओढत ब्रिटिश म्युझियमला गेलात तर आत घेत नाहीत, क्लोकरूममध्येसुद्धा नाही. छोटी सॅक चालते, दारावर तपासतात. ज्यांना चालायचा त्रास आहे त्यांच्यासाठी बहुतेक मोठ्या म्युझियममध्ये व्हीलचेअर फुकट मिळते, आधी साइटवर बघून ठेवा. आई म्हणेल मला काय झालंय व्हीलचेअरला, तर तिला सांगा की फक्त लांबच्या दालनापर्यंत बस, मग उठून बघ. फोल्डिंग स्टूलपण बऱ्याच ठिकाणी ठेवलेली असतात, ती घ्यायला कोणी लाजत नाही, तुम्हीही लाजू नका. बाथरूम फुकट आणि स्वच्छ, लंडनमध्ये फिरताना ही फार मोठी सोय आहे हे दोन दिवसांत कळेलच.

जायला-यायला ट्यूबपेक्षा बस बरी, वेळ जास्त लागतो पण जिने नाहीत आणि वरच्या मजल्यावरून शहर दिसतं. कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करा, वेगळं तिकीट काढायला नको, दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं पाहिजे, एकाच कार्डावर चौघं चढता येत नाही, तेव्हा आई-बाबांना एकेक ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून टॅप करायचं इथलं प्रवासाचं कार्ड) घेऊन द्या. तासाभरात बस बदलली तर दुसऱ्या बसचे पैसे लागत नाहीत.

आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, साउथ केन्सिंग्टनला. मराठी माणसाने एकच म्युझियम बघायचं ठरवलं तर मी हे सांगेन. वाघनखं बघायला मिळतील म्हणून जाऊ नका, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात पाठवली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती. ती साताऱ्याच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफकडे होती, त्याच्या घराण्याकडून इथं आली, आणि महाराजांनी अफझलखानाला मारलं ती हीच का, हे नक्की सांगता येत नाही असं म्युझियमही म्हणतं आणि आपल्याकडचे काही इतिहासकारही म्हणतात. टिपूचा लाकडी वाघ मात्र याच म्युझियमचा, इंग्रज सोजिराच्या अंगावर बसलेला, पोटात ऑर्गन आहे आणि हँडल फिरवलं की माणूस कण्हतो, १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर लुटीत मिळालेला. गॅलऱ्यांची कामं सतत चालू असतात, त्यामुळे वाघ सध्या कुठं मांडलाय ते निघायच्या आधी साइटवर बघून घ्या.

आणि मुंबईचा धागा तर इथं जागोजागी. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचं कोरीवकाम ज्याचं, तो लॉकवुड किपलिंग जे.जे. स्कूल ऑफ आर्टला शिकवायला यायच्या आधी याच म्युझियमच्या सजावटीवर काम करत होता. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स नावाच्या प्रिन्सिपलच्या हाताखाली १८७२ ते १८८५ पर्यंत लेण्यांत बसून केल्या आणि त्या इकडे पाठवल्या, त्यातल्या शंभरावर इथंच आगीत जळाल्या, उरलेल्या अजून यांच्याकडे आहेत. त्या भिंतीवर टांगलेल्या दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. भिंतीवर नसलेल्या गोष्टींचा नाद असेल तर यांचं स्टोअरहाउस २०२५ पासून पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डला लोकांसाठी उघडलंय, तेही फुकट, तिथं गोदामातल्या मांडण्यांमधूनच फिरता येतं.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधलं कास्ट कोर्ट चुकवू नका. रोमचा ट्राजनचा स्तंभ, प्लास्टरची नक्कल, एवढा उंच की छताखाली मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभा केलाय. मग चहा जुन्या रिफ्रेशमेंट रूम्समध्ये घ्या, टाइल्सच्या भिंती बघत. चहा महाग आहे, पण त्या खोल्यांचं तिकीट समजा. शेजारी नॅचरल हिस्ट्री, पोरांना निळ्या देवमाशाचा सांगाडा दाखवायचा आणि बाहेर, शाळांच्या सुट्ट्यांत तर त्या बाजूला फिरकूच नका.

पैसे लागतात ते जुन्या इमारतींना. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट मोठ्या माणसाला ३० पौंडांच्या वर जातं, वेस्टमिन्स्टर ॲबीचंही साधारण त्याच आसपास, ६५ च्या वरच्यांना थोडं कमी, वयाचा पुरावा जवळ ठेवा. दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर टॉवर करा, आणि इथं मात्र वसूल करायचं, सकाळी उघडतानाच जा. गेटातून आत शिरलं की इकडंतिकडं न बघता आधी ज्युवेल हाउस, कारण अकरानंतर तिथं रांग लागते. कोहिनूर तिथेच, १९३७ साली राणी एलिझाबेथसाठी, म्हणजे आत्ताच्या राजाच्या आजीसाठी, केलेल्या मुकुटात. सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायचं असतं, गर्दी नसेल तर फिरून परत या, कोणी काही म्हणत नाही. फोटो काढायचे नाहीत. लोकांना तो हिरा अपेक्षेपेक्षा लहान वाटतो, इथं आणल्यावर १८५२ मध्ये परत पैलू पाडताना बराच घटवला, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होत नाही. मग लाल-निळ्या ड्रेसवाल्या बीफीटरची, म्हणजे टॉवरच्या पहारेकऱ्याची, टूर, तिकिटातच येते, कोणाचं डोकं कुठं उडवलं याच्या गोष्टी ते फार रंगवून सांगतात. इंग्रजी भरभर असतं, आई-बाबांना समजत नसेल तर टूर सोडून डोमकावळे दाखवा, किमान सहा तरी कायम पाळलेले असतात, ते गेले तर राज्य बुडेल म्हणे. व्हाइट टॉवरचे गोल जिने अरुंद आहेत, गुडघेवाल्यांनी खाली बसावं.

ॲबी आणि सेंट पॉल्स कॅथेड्रल, या दोन्ही मोठ्या चर्चना रविवारी बघायला सोडत नाहीत, प्रार्थनाच असते. पण त्याचाच फायदा घेता येतो, बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास इव्हनसाँग असतं, कॉयर गातं, प्रवेश फुकट, धर्म कोणी विचारत नाही. हिंडता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, पाऊण तास गप्प बसायचं. छत बघत ऐकायला मला तरी ते तिकिटापेक्षा आवडतं. सेंट पॉल्सचं तिकीट काढलंत तर घुमटावर चढायला ५२८ पायऱ्या, ज्यांना जमतं त्यांनी चढावं, बाकीच्यांनी तळघरात जावं. तिथं ड्यूक ऑफ वेलिंग्टनची भलीमोठी कबर आहे, वॉटर्लूवाला. हाच तो आर्थर वेलस्ली, १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढलेला. इतिहासप्रेमी बाबा इथून अर्धा तास हलणार नाहीत.

एक दिवस आपल्या माणसांच्या पत्त्यांसाठी ठेवा. १०, किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म स्टेशनपासून चालत, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकायला होते तेव्हा इथं राहायचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घर विकत घेऊन स्मारक केलंय, जायच्या आधी उघडं आहे का ते बघा. लोकमान्य टिळक चिरोल या इंग्रज पत्रकारावर केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी आले तेव्हा १०, हाउली प्लेसला राहिले, लिटल व्हेनिसच्या कालव्याजवळ. सावरकरांचं इंडिया हाउस ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, हायगेटला. या दोन्ही ठिकाणी फक्त बाहेर पाटी आहे, आत लोक राहतात, तेव्हा समोरच्या फुटपाथवरून फोटो काढायचा आणि बेल अजिबात वाजवायची नाही. हायगेटला चढ आहे, ते शेवटी न ठेवता सकाळी करून घ्या, दुपारी बाबासाहेबांचं घर, आणि तिथून प्रिमरोज हिलची टेकडी पाच-दहा मिनिटांवर, डबा तिथंच उघडा.