पैशापलीकडे गावाला काय द्यावे: परदेशस्थ कोकणवासीयांसाठी

दापोली, खेड, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतील कित्येक घरांतला एखादा तरी माणूस आखाती देशांत आहे आणि त्याच्या कमाईवर चिऱ्याची घरे उभी राहिली, हे गाव विसरलेले नाही. मात्र परदेशात राहून मिळालेली माहिती गावाला विकत घेता येत नाही. ती द्यायची असेल, तर सुरुवात तिकडे जायला निघालेल्या मुलांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

एखाद्या मुलाला नोकरीचे पत्र आले की ते मागवून घ्या आणि फोनवर त्याच्यासोबत ओळीओळीने वाचा. मूळ पगार किती, भत्ते किती, कामाचे तास किती, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट कोणाकडे, हे कागदावर स्पष्ट असले पाहिजे. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, ते तपासा. अशा एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांहून अधिक घेता येत नाही, आणि जे घेतले त्याची पावती मिळालीच पाहिजे. दहावी न झालेल्या मुलाचा पासपोर्ट सहसा ईसीआर (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’) प्रकारचा असतो व त्याला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते. म्हणूनच ही परवानगी टाळण्यासाठी ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ असे सांगणाऱ्याला नकारच द्यायला शिकवा. आपण त्याच शहरात असाल, तर सुट्टीच्या दिवशी कंपनीचा पत्ता आणि कामगारांचा कॅम्प स्वतः पाहून या. एका खोलीत किती खाटा आहेत, पगार वेळेवर होतो का, हे तिथल्या माणसांना विचारले की लगेच कळते. गावात बसून कितीही चौकशी केली तरी ते कळत नाही. पुढे मुलगा अडकलाच, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवायला त्याच्यासोबत बसा.

शाळेसाठी काही करायचे असल्यास आधी शिक्षकांना विचारा, कारण त्यांच्या वेळापत्रकात न बसणारा उपक्रम दोन आठवड्यांत बंद पडतो. आठवड्यातून एक तास, ठरलेल्या वारी, मराठीतून गणित किंवा इंग्रजी शिकवणे पुरेसे आहे. परदेशातून सुट्टीवर आलेल्या डॉक्टरांनी मात्र भारतातल्या वैद्यक परिषदेची नोंदणी नसेल तर गावात रुग्ण तपासू नयेत.

सुट्टी मे महिन्यात घेणार असाल, तर १ मेच्या ग्रामसभेला जाऊन बसा. तिथे बोलण्याचा हक्क गावच्या मतदारांचा आहे. आपण ऐकावे आणि पाणी, रस्ता, शाळा यांपैकी गावाला खरोखर काय हवे आहे ते टिपून घ्यावे, म्हणजे आपल्या मनातली योजना गावावर लादली जाणार नाही.

त्याच मुक्कामात घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शेतांची, पाणंदींची, सड्यांची (कातळाच्या पठारांची) नावे आणि जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. रत्नागिरी परिसरातील सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या जागांची वाट आणि जुनी नावे वाडीतल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक असतात. ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून.