प्रागला मित्रांसोबत जाताय? या चुका टाळा

जर्मनीत शिकणाऱ्या मुलांची वीकेंडची पहिली लांबची सहल पुष्कळदा प्रागचीच असते. ड्रेस्डेनहून ट्रेनने सव्वादोन-अडीच तास, राहणं-खाणं जर्मनीपेक्षा थोडं स्वस्त, आणि जुनं शहर चालत फिरता येण्याएवढं. स्पेअरकोंटोतून (व्हिसासाठी उघडलेल्या, महिन्याला ठरावीकच रक्कम देणाऱ्या बँक खात्यातून) महिन्याला ९९२ युरो सुटत असतील तर हा हिशेब महत्त्वाचाच. पण चार-पाच जण एकत्र निघाले की प्रत्येकाला वाटतं, ते दुसऱ्याने बघितलं असेल. तिकिटावरचा शिक्का, पाटीवरची बारीक अक्षरं, एटीएमच्या स्क्रीनवरचा शेवटचा प्रश्न: प्रागमध्ये पैसे जातात ते बहुतेक इथेच. चोर त्यामानाने कमी नेतात.

पासपोर्टचा फोटो चालत नाही

चेक प्रजासत्ताक २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. जर्मनीचं वैध रेसिडेन्स कार्ड आणि वैध पासपोर्ट असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येतं. पण दोन्ही गोष्टी मूळ स्वरूपात जवळ हव्यात. एकजण हमखास पासपोर्ट हॉस्टेलच्या कपाटात ठेवून मोबाइलमधल्या फोटोवर निघतो. जर्मनीने २०२३ च्या ऑक्टोबरपासून चेक सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. परतताना सीमा ओलांडली की पोलीस डब्यात चढून कागद मागू शकतात, आणि तिथे फोटोचा उपयोग नाही.

कार्डाची मुदत संपली आहे, नवं यायचंय आणि हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग (कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता दाखला) आहे, अशा मित्राने आधी आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला) ईमेल करून विचारावं आणि उत्तराची प्रिंट सोबत ठेवावी. त्या कागदाचे प्रकार वेगवेगळे असतात, सगळ्यांवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. उत्तर आलं नाही तर सहल पुढे ढकला.

डॉइचलांड-तिकीट सीमेपर्यंतच

डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीतला महिन्याचा प्रवासी पास, फक्त जर्मनीतल्या लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतं. ड्रेस्डेन-प्राग युरोसिटी या लांब पल्ल्याच्या गाडीत ते सीमेच्या अलीकडेही चालत नाही. युरोसिटीचं तिकीट जर्मन आणि चेक, दोन्ही रेल्वेच्या वेबसाइटवर बघा. गाडी तीच, पण दर वेगळे निघतात. सगळ्यात स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं आणि रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. पाच जणांची तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढली आणि एकाचा बेत बदलला, तर त्या एकाचं सोडवताना सगळ्यांचा गोंधळ होतो. ज्याचं त्याने काढावं, सीट शेजारी घ्यावी.

उतरतानाही घोटाळा होतो. उत्तरेकडून येणारी गाडी आधी प्राग-होलेशोवित्से स्टेशनला थांबते. "प्राग" दिसलं की अर्धी मंडळी उतरतात, अर्धी आत राहतात. मुख्य स्टेशनचं नाव प्राहा ह्लाव्नी नाद्राझी. चुकून होलेशोवित्सेला उतरलात तर घाबरू नका: दोन्ही स्टेशनं मेट्रोच्या लाल सी लाइनवर आहेत. बसने येणारे बहुतेक फ्लोरेन्त्सला उतरतात, तिथे सी आणि पिवळी बी लाइन एकमेकींना भेटतात.

कोरुना: शंभर युरोंचे किती?

इथे युरो नाही, चेक कोरुना चालतो. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना हे डोक्यात ठेवा. काही दुकानं युरो घेतात, पण आपल्या दराने आणि सुटे कोरुनात.

मनी एक्स्चेंजच्या बाहेर "शून्य टक्के कमिशन" लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं. गोम दरात असते. बोर्डावर मोठ्या अक्षरांत दिसतो तो दर बहुतेक वेळा त्यांच्या विक्रीचा (प्रोदेय) असतो; तुमचे युरो ते ज्या दराने घेणार, तो खरेदीचा (नाकूप) दर बारीक अक्षरांत. समजा तो १८ आहे, तर १०० युरोंचे १८०० कोरुना मिळतील, जिथे २४०० यायला हवे होते. म्हणून नोटा खिडकीतून सरकवण्याआधी एकच प्रश्न: "शंभर युरो दिले तर हातात किती?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

फसलात तर उपाय आहे. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती आणि मिळालेल्या नोटा घेऊन त्याच खिडकीवर परत जायचं. पावती फेकून दिली असेल तर हक्क सांगणं अवघड. आणि रस्त्यावर "चांगला रेट देतो" म्हणत येणाऱ्या माणसाकडून तर घेऊच नका. तो दुसऱ्याच देशाच्या बाद झालेल्या नोटा हातात ठेवतो, आणि कोरुना पहिल्यांदाच बघणाऱ्याला फरक कळत नाही.

एटीएम वापरायचं असेल तर बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं वापरा, नाक्यावरच्या दुकानात सुटं उभं असलेलं नको. शेवटी मशीन विचारतं: रक्कम युरोमध्ये बदलून घ्यायची का? "होय"चं बटण हिरवं आणि मोठं असतं. ते दाबलंत की दर मशीनवाला ठरवतो, आणि २००० कोरुनांमागे आठ-दहा युरो सहज जास्त जातात. "कन्व्हर्जन नको" निवडा. व्यवहार थांबत नाही, फक्त दर तुमची बँक लावते. हॉटेलात कार्ड मशीन पुढे केलं की तिथेही कोरुनाच निवडायचा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, त्यामुळे दोन दिवसांना माणशी हजारभर कोरुना रोख पुरतात.

शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही

हा प्रागमधला सगळ्यात महागडा विसर. कागदी तिकीट विकत घेतलं की काम संपत नाही. मेट्रोत एस्कलेटरच्या आधी आणि ट्रॅममध्ये दारांजवळ छोटं यंत्र असतं, त्यात तिकीट घालून वेळेचा शिक्का मारायचा. मेट्रोला आपल्याकडच्यासारखी गेट नाहीत, कोणी अडवत नाही, म्हणून शिक्का राहून जातो. साध्या कपड्यांतला तपासनीस प्लॅटफॉर्मवर भेटतो. शिक्का एकदाच मारायचा. दिसत नाही म्हणून दुसऱ्यांदा मारलात तर तिकीट बाद.

ट्रॅममधल्या कार्ड-मशीनवर घेतलेलं तिकीट मात्र घेतल्या क्षणापासून चालू असतं. ॲपवरच्या तिकिटाची गोष्ट तिसरी: विकत घ्यायचं, मग वेगळं ॲक्टिव्हेट करायचं, आणि ते लागू व्हायला थोडा वेळ जातो. तपासनीस दिसल्यावर बटण दाबून फायदा नाही, म्हणूनच तो वेळ ठेवलेला आहे. पाच जणांची तिकिटं एकाच्या फोनवर ठेवू नका. दोघं पुढच्या ट्रॅममध्ये चढले की त्यांच्याकडे तिकीट नाही, आणि तो फोन संध्याकाळी सहाला बंद पडला की कोणाकडेच नाही.

तिकिटं वेळेची असतात: ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास, ७२ तास. त्या वेळात कितीही गाड्या बदला. ३० मिनिटांचं तिकीट ट्रॅमची वाट बघण्यातच निम्मं संपतं. दिवसात चार वेळा बसणार असाल तर २४ तासांचं परवडतं, आणि ते तारखेवर नाही, घड्याळावर चालतं: शनिवारी ११ वाजता शिक्का मारलात तर रविवारी ११ पर्यंत.

पकडले गेलात तर आधी बिल्ला आणि ओळखपत्र दाखवायला सांगा, दंड भरून पावती घ्या. "आम्ही टुरिस्ट आहोत" हे ते दिवसातून वीसदा ऐकतात. दंड हजार कोरुनांच्या खाली नाही, आणि जागच्या जागी भरला तर नंतर भरण्यापेक्षा कमी पडतो.

शनिवार-रविवारची उलटी आखणी

बहुतेकांचा बेत असा: शनिवारी जुनं शहर आणि ज्यू वस्ती, रविवारी सकाळी किल्ला, दुपारी परतीची गाडी. नेमका हाच बेत फसतो. शनिवार हा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून योसेफोव्हमधली (हीच ती ज्यू वस्ती) ज्यू म्युझियमची सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळं आणि जुनी दफनभूमी बंद. रविवारी सकाळी किल्ल्यातल्या सेंट व्हीटस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना, पर्यटकांना दुपारी १२ नंतर प्रवेश. म्हणजे दोन्हीकडे बंद दार.

उलट करा. शनिवारी सकाळी २२ नंबरची ट्रॅम धरा, पण "प्राझ्स्की ह्राद" (प्रागचा किल्ला) स्टॉपला गर्दीसोबत उतरू नका. दोन स्टॉप पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा आणि उतारावरून किल्ल्याकडे चालत या. गुडघे वाचतात आणि वाटेत लाल कौलांचं सगळं शहर दिसतं. या ट्रॅममध्ये पाठीवरची सॅक पोटावर घ्या. पाकीटमारांची ही आवडती गाडी आहे.

किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट नाही, आतल्या इमारतींना आहे, आणि ते दोन दिवस चालतं, प्रत्येक इमारतीत एकदाच. २६ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सवलत, त्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड जवळ असलेलं बरं. कॅथेड्रलमध्ये शिरल्या शिरल्या माना वर करून सगळे फोटो काढतात आणि निघतात. डाव्या बाजूला आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची रंगीत काच आहे, तिथे थांबा. या कॅथेड्रलचा पाया १३४४ चा, काम पूर्ण झालं १९२९ ला. पुढचा भाग आणि मागचा भाग यांच्यात पाचशेहून जास्त वर्षं आहेत, आणि दगडाकडे नीट पाहिलं तर ते जाणवतं. दक्षिण मनोऱ्याचं तिकीट वेगळं, पायऱ्या २८७. हिवाळ्यात सगळं चारला बंद होतं, हे दुपारी तीनला कळून उपयोग नाही. पैसे अगदीच मोजून असतील तर गोल्डन लेनमध्ये इमारती बंद झाल्यावर जा. घरांच्या आत जाता येत नाही, पण गल्ली फुकट असते. २२ नंबरच्या निळ्या घरात लेखक काफ्का काही काळ लिहायला बसत असे.

रविवारी सकाळी योसेफोव्ह. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळजवळ ८०,००० बोहेमियन आणि मोरावियन ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. तिथे ग्रुप सेल्फी काढू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं. मुलग्यांनी डोकं झाकायचं.

चार्ल्स ब्रिज दुपारी बघणं म्हणजे दादर स्टेशनचा पूल बघणं. ५१६ मीटरवर ३० पुतळे आहेत आणि माणसांमुळे एकही धड दिसत नाही. सूर्योदयाला जा. जूनमध्ये त्यासाठी पहाटे पाचला उभं राहावं लागतं. डिसेंबरमध्ये सूर्यच आठच्या सुमारास उगवतो, तेव्हा आळशी ग्रुपने हिवाळा निवडावा.

१४१० च्या खगोलीय घड्याळासमोर तासाला जमणाऱ्या गर्दीत तो खेळ जेमतेम मिनिटभर चालतो. सांगाडा घंटा वाजवतो, येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती खिडकीतून सरकतात, कोंबडा आरवतो, संपलं. सगळे फोन वर धरून उभे, खिसे मोकळे. दोघांनी बघावं, बाकीच्यांनी मागे उभं राहून बॅगा सांभाळाव्यात. मग टाउन हॉलच्या दुसऱ्या बाजूला जमिनीकडे बघा: फरशीत २७ पांढरे क्रूस आहेत, १६२१ मध्ये तिथे मारलेल्या २७ जणांसाठी. बहुतेक लोक त्यांच्यावरून चालत जातात.

खाणं: पाटीवरचे १०० ग्रॅम

चौकातल्या स्टॉलवर भाजलेलं हॅम फिरत असतं, बटाटा-कोबीची भली मोठी कढई वाफाळत असते. पाटीवरची किंमत बघून वाटतं, ठीक आहे. त्या किमतीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं "१०० ग्रॅम". विक्रेता न विचारता ३००-४०० ग्रॅम वाढतो, वजन करतो आणि तिप्पट-चौपट आकडा सांगतो. प्लेट भरल्यावर परत घेत नाहीत. सुरी लागण्याआधी सांगा: "द्व्ये स्त्ये ग्रामू", दोनशे ग्रॅम.

शाकाहारी मंडळींचा आधार म्हणजे स्माझेनी सीर, तळलेलं चीज. "बेझ मासा" म्हणजे मांसाविना, पण तेवढ्यावर भागत नाही. भाज्यांचं सूप मांसाच्या रश्शात असू शकतं आणि बटाट्याची थालीपिठं डुकराच्या चरबीत तळलेली असू शकतात. त्या चरबीला "साद्लो" म्हणतात, हा शब्द पाठ करा. त्र्देल्निक ही गोल साखरी रोटी "जुनी चेक मिठाई" म्हणून विकतात. जुन्या प्रागशी तिचा फारसा संबंध नाही. तेवढ्या पैशात साध्या बेकरीतले दोन-तीन कोलाचे (गोड सारण घातलेले पाव) येतात. सोमवार ते शुक्रवार पोहोचलात तर दुपारचं "पोलेद्नी मेनू" मागा, हॉटेलातलं तेच सर्वात स्वस्त जेवण.

रात्र, रस्ते आणि हरवलेला पासपोर्ट

दगडी फरसबंदीला चेक लोक "मांजराची डोकी" म्हणतात. ट्रॉली बॅगेची चाकं त्यावर निखळतात, सॅक आणा. झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबतात, ट्रॅम थांबत नाही. कायद्यानेच तिला पादचाऱ्याआधी जाण्याचा हक्क आहे.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. पुढे नव्वदीतले नंबर असलेल्या रात्रीच्या ट्रॅम धावतात आणि त्या लाझार्स्का स्टॉपवर एकमेकींना भेटतात. वाट चुकलात तर तिथे पोहोचा. टॅक्सी ॲपवरूनच मागवा.

पासपोर्ट गेला तर १५८ वर पोलिसांना कळवा आणि तक्रारीची लेखी प्रत घ्या. भारतीय दूतावास प्रागमध्येच आहे. वीकेंडला त्यांच्या वेबसाइटवरचा आणीबाणीचा नंबर वापरा. तिथे सुरुवातीलाच सांगा की तुम्हाला जर्मनीत परतायचं आहे, कारण इमर्जन्सी सर्टिफिकेट हे भारतात परत जाण्यासाठीचं एकेरी कागदपत्र असतं. रेसिडेन्स कार्डही गेलं असेल तर जर्मन दूतावासाशी बोलावं लागेल, आणि ते सोमवारी उघडेल. एका मित्राने सोबत थांबायचं, बाकीच्यांनी ठरलेल्या गाडीने जायचं. त्यांची स्वस्त तिकिटं दुसऱ्या गाडीला चालणार नाहीत.