डेटाबेसमध्ये एक्सएमएल पार्स करताना या चुका टाळा

एक्सएमएल (टॅगमध्ये मांडलेला डेटा) पार्स करताना, म्हणजे वाचून त्यातली माहिती वेगळी काढताना, एरर आली तर बरंच म्हणायचं. निदान गडबड आहे एवढं तरी कळतं. खरा घात करते ती बिनबोभाट चालून शून्य रो परत करणारी क्वेरी.

शून्य रो दिसल्या की आधी नेमस्पेस तपासा, म्हणजे टॅगचं नाव कुठल्या गटातलं ते सांगणारा पत्त्यासारखा यूआरआय. मूळ टॅगवर डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेला असतो. आतल्या टॅगना प्रिफिक्स (नावाआधी कोलन देऊन लावलेलं नेमस्पेसचं छोटं नाव) दिसत नाही, म्हणून आपणही पाथमध्ये साधं 'ऑर्डर' लिहून मोकळे होतो. पण असे पाथ ज्या भाषेत लिहितात त्या एक्सपाथ १.० मध्ये बिनप्रिफिक्सचं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. ते सापडत नाही, आणि न सापडणं ही एक्सपाथच्या लेखी चूकही नाही. उपाय सोपा आहे: तोच यूआरआय स्वतःच्या एखाद्या प्रिफिक्सला बांधा आणि तो प्रिफिक्स पाथमधल्या प्रत्येक एलिमेंटला लावा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एक्सपाथ फंक्शनमध्ये ही जोडी तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये जाते, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीच्या आधी 'विथ एक्सएमएलनेमस्पेसेस' लिहावं लागतं. प्रिफिक्स कुठलाही चालतो. यूआरआय मात्र अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, शेवटचा स्लॅश राहिला तरी पुन्हा शून्य. अ‍ॅट्रिब्यूटला (टॅगच्या आत लिहिलेल्या नाव-किंमत जोडीला) मात्र प्रिफिक्स लावू नका. डिफॉल्ट नेमस्पेस अ‍ॅट्रिब्यूटना लागू होत नाही, त्यामुळे इथे घाईघाईत सगळीकडे प्रिफिक्स चिकटवणारे हमखास अडकतात.

नेमस्पेसला बगल द्यायला काही जण 'लोकल-नेम' हे नुसतं टॅगचं नाव बघणारं फंक्शन वापरतात. डॉक्युमेंटमध्ये काय आहे ते चाचपून बघायला ठीक आहे, पण प्रॉडक्शनमध्ये ते ठेवू नये असं माझं स्पष्ट मत. दोन नेमस्पेसमध्ये एकाच नावाचे टॅग आले की दोन्ही एकत्र उचलले जातात.

यापेक्षाही लबाड प्रकार रिकाम्या टॅगचा. हे बघा:

<ऑर्डर><रक्कम/></ऑर्डर>

पोस्टग्रेसमध्ये 'एक्सएमएलटेबल' वापरून रक्कम न्यूमेरिक कॉलममध्ये काढा, एरर येते, कारण रिकामी स्ट्रिंग हा आकडा नव्हे. डिफॉल्ट दिलाय म्हणून निर्धास्त राहू नका. पाथला काहीच सापडलं नाही तरच तो लागतो, आणि इथे टॅग तर आहे. कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या, 'नलइफ'ने रिकाम्या स्ट्रिंगचा नल करा आणि मग कास्ट करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हाच टॅग, स्कीमा (रचनेचे नियम) न बांधलेल्या एक्सएमएलमधून, 'व्हॅल्यू' मेथडने इंटिजर म्हणून वाचला तर एरर नाही, सरळ शून्य हातात येतं. म्हणजे रक्कम न भरलेली ऑर्डर फुकटात गेल्याची नोंद! पाथच्या शेवटी टेक्स्ट नोड मागितला की शून्याऐवजी नल मिळतो.

आता व्हॅलिडेशन. कॉलमचा टाइप एक्सएमएल आहे म्हणजे डेटा तपासूनच आत आला, हा समज सोडा. पोस्टग्रेस फक्त रचना बघतं: टॅग उघडले तसे बंद झाले का, एवढंच. डीटीडी (टॅगच्या रचनेची नियमावली) दिलेली असली तरी तिच्याशी ताडून पाहत नाही, आणि एक्सएसडी (एक्सएमएल स्कीमा) तपासायची सोय मुळातच नाही. ते काम डेटा आत येण्याआधी अ‍ॅप्लिकेशनमध्येच उरका. शिवाय डिफॉल्ट सेटिंग 'कंटेंट' असल्यामुळे दोन मूळ टॅग असलेला तुकडा, इतकंच काय, एकही टॅग नसलेलं साधं वाक्यसुद्धा खुशाल आत जातं. पूर्ण डॉक्युमेंटच हवं असेल तर कॉलमवर 'इज डॉक्युमेंट'चा चेक कन्स्ट्रेंट लावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्कीमा कलेक्शन बांधलेला कॉलम खरोखर तपासणी करतो. ओरॅकलमध्ये स्कीमा रजिस्टर करून लोक निश्चिंत होतात, पण ऑब्जेक्ट-रिलेशनल पद्धतीने साठवलेल्या एक्सएमएलची तिथे इन्सर्टच्या वेळी तपासणी अर्धवटच होते. पूर्ण हवी असेल तर 'स्कीमाव्हॅलिडेट' स्वतः कॉल करावं लागतं.

एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीचं, दुखणं मुख्यतः एसक्यूएल सर्व्हरवाल्यांचं. एनव्हारचार स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये असते, आणि आतल्या एक्सएमएलच्या सुरुवातीच्या डिक्लरेशनमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं असतं. पार्सर म्हणतो, एन्कोडिंग बदलता येत नाही. त्यावर रिप्लेस मारून डिक्लरेशन उडवणारा कोड जागोजागी दिसतो. त्यापेक्षा फाइलचे बाइट जसेच्या तसे व्हारबायनरीमध्ये घ्या आणि तिथून एक्सएमएल करा, पार्सर डिक्लरेशन वाचून आपलं आपण बघतो. डिक्लरेशनच्या आधी एक मोकळी ओळ किंवा स्पेस असेल तरी पार्सिंग फसतं, हेही तपासा.

एक्सएमएलमध्ये अँपरसँड (&) एस्केप करून, म्हणजे ठरलेल्या संकेतात बदलून, लिहावा लागतो, पण सुट्या अँपरसँडवर सरसकट रिप्लेस चालवू नका. आधीच नीट एस्केप केलेला मजकूर दुसऱ्यांदा एस्केप होतो आणि ग्राहकाच्या नावात कचरा दिसू लागतो. जिथे तो एक्सएमएल तयार होतो तिथेच, स्ट्रिंग जोडण्याऐवजी लायब्ररी वापरून, दुरुस्ती झाली पाहिजे. एचटीएमएलमधून आलेली 'एनबीएसपी' एंटिटीही (न तुटणाऱ्या स्पेसचा संकेत) इथे चालत नाही, कारण एक्सएमएलला मुळात पाचच एंटिटी ठाऊक असतात.

मोठी बॅच थेट एक्सएमएल कॉलममध्ये ओतली तर एका खराब डॉक्युमेंटपायी अख्खं स्टेटमेंट पडतं. आधी साध्या टेक्स्ट कॉलमच्या स्टेजिंग टेबलात सगळं उतरवा. मग पोस्टग्रेसमध्ये 'एक्सएमएल इज वेल फॉर्म्ड डॉक्युमेंट' आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'ट्राय कास्ट' लावून नापास रो वेगळ्या काढा, आणि मूळ मजकुरासकट जपून ठेवा. पाठवणाऱ्याशी वाद घालायची वेळ आली की तोच मजकूर दाखवावा लागतो.