टक्केवारी नंतर, पातळी आधी

एमए अर्थशास्त्र, बँकेची मुलाखत किंवा एमबीएचा प्रोजेक्ट, निमित्त काहीही असो, ‘मंदी’ हा विषय घेतलेली इंदूरची मुलं बहुतेक एकाच जागी अडकतात. जीडीपी, आयआयपी (औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक), महागाई या संज्ञा पाठ असतात. टक्का नेमका कशाच्या तुलनेत काढलाय, हे मात्र कुणी बघत नाही. बाकी गोष्टी भराभर उरकता येतील, ही नाही.

एप्रिल 2021 चा आयआयपी घ्या. आधीच्या एप्रिलपेक्षा वाढ 134.4 टक्के! आता टक्का हाताने झाका आणि निर्देशांक वाचा. पहिल्या प्रकाशनात एप्रिल 2021 ला 126.6, एप्रिल 2020 ला 54 आणि एप्रिल 2019 ला 126.5. म्हणजे दोन वर्षांनी उद्योग जिथल्या तिथे. टाळेबंदीत आकडा खड्ड्यात गेला आणि परत काठावर आला, बस्स. 57 टक्के पडलेलं भरून यायला 57 टक्के वाढ पुरत नाही, 134 टक्के लागते, कारण भागाकार आता 54 ने होतो.

जीडीपीतही हेच. ऑगस्ट 2021 च्या प्रकाशनात, 2011-12 च्या स्थिर किमतींना (म्हणजे महागाई वगळून), एप्रिल-जून तिमाहीचे आकडे असे: 2019 मध्ये 35.66 लाख कोटी, 2020 मध्ये 26.95 आणि 2021 मध्ये 32.38. मथळा झाला 20.1 टक्के वाढीचा. 2019 शी ताडून बघा, अर्थव्यवस्था अजून 9.2 टक्क्यांनी खालीच होती. मथळा खोटा नव्हता, अर्धा होता.

तेव्हा कामाची रीत अशी ठेवा. सांख्यिकी मंत्रालयाच्या किंवा रिझर्व्ह बँकेच्या डेटा पोर्टलवरून पातळीची, म्हणजे मूळ आकड्यांची मालिका उतरवा, तयार टक्क्यांची नको. पडझडीआधीच्या वर्षातला तोच महिना 100 धरा आणि पुढचे सगळे आकडे त्या मापात आणा. एप्रिलची तुलना एप्रिलशीच. मार्च वर्षअखेरीमुळे फुगतो, म्हणून एप्रिल ‘पडला’ असं लिहू नका. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येते, तेव्हा त्या दोन महिन्यांची सरासरी काढा. आणि फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला. आकडे मागाहून सुधारले जातात: 2020 च्या त्याच तिमाहीची घट आधी 23.9 टक्के सांगितली गेली, वर्षभराने ती 24.4 झाली. तारीख नसेल तर मार्गदर्शक विचारतील तेव्हा तुमचा आकडा तुम्हालाच सापडणार नाही.

पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून मालिका मोजतात ते) बदललं की जुनी-नवी मालिका शेजारी चिकटवायची नाही, हेही त्यातच आलं. जानेवारी 2015 मध्ये 2004-05 ऐवजी 2011-12 हे पायाभूत वर्ष आलं आणि 2013-14 ची वाढ 4.7 वरून 6.9 टक्के झाली. वर्ष तेच, मोजणी वेगळी.

गणित आठवीचं आहे, घाबरायचं कारण नाही. पण भंवरकुआं या इंदूरच्या क्लासवाल्या भागातल्या क्लासमधून फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका. त्यात टक्के असतात, पातळी नसते. ‘सलग दोन तिमाही घट म्हणजे मंदी’ हा नियम सांगून मोकळे होणारे दादालोकही तसेच. अमेरिकेत मंदीची तारीख एनबीईआर या आर्थिक संशोधन संस्थेची समिती ठरवते, आणि ती रोजगार, उत्पन्न, विक्री असं बरंच काही बघते. डिसेंबर 2007 ला सुरू झालेली मंदी तिने 1 डिसेंबर 2008 ला जाहीर केली. उशीर लागतो, तुम्हालाही लागला तर बिघडत नाही.

परदेशाशी तुलना करताना हाच सापळा वेगळ्या कपड्यात येतो. 2020 च्या एप्रिल-जून तिमाहीत अमेरिकेची पहिली आकडेवारी उणे 32.9 आणि आपली उणे 23.9, म्हणून आपण बरे, असे तक्ते तेव्हा खूप फिरले. अमेरिकेचा टक्का वार्षिक दरात फिरवलेला असतो, म्हणजे तिमाहीचा वेग वर्षभर तसाच राहिला तर किती, असा. प्रत्यक्षात ती तिमाही आधीच्या तिमाहीपेक्षा साधारण 9.5 टक्क्यांनी घटली. 0.905 चा चौथा घात काढा, 0.671 येतो, तिथून ते 32.9. आपला टक्का मात्र आधीच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून काढलेला. फ्रेड या अमेरिकी आकडेवारीच्या संकेतस्थळावरून अमेरिकेची मालिका उतरवताना एककाची ओळ आधी वाचा.

बेरोजगारीच्या दरावर तर एकट्याने कधीच निष्कर्ष काढू नका. पीएलएफएस या सरकारी रोजगार पाहणीत 2018-19 ला तो 5.8 टक्के होता आणि टाळेबंदीची तिमाही पोटात असलेल्या 2019-20 ला 4.8! त्याच वर्षी शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा 42.5 वरून 45.6 टक्क्यांवर गेला होता. शहरातलं काम सुटलं की माणूस घरच्या शेतात राबतो आणि पाहणीत ‘रोजगारात’ मोजला जातो. दराशेजारी कामाचं क्षेत्र ठेवलं नाही, तर मंदीत सुबत्ता दिसेल.

आपल्या भागाबद्दल लिहिणार असाल तर दोन गोष्टी. जिल्ह्याचा मासिक जीडीपी नसतो, त्यामुळे मुलं जीएसटीकडे वळतात. त्यात राज्यनिहाय दोन तक्ते असतात. त्यातला एक, म्हणजे आयजीएसटीची (राज्याराज्यांमधल्या व्यवहारांवरच्या कराची) वाटणी झाल्यानंतरचा एसजीएसटी (राज्याच्या वाट्याचा जीएसटी), राज्यातला खप सांगतो, उत्पादन नाही. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत बनलेला माल पुण्यात खपला तर राज्याचा वाटा महाराष्ट्राला जातो. शिवाय 1 तारखेला येणारा आकडा साधारण आधीच्या महिन्यातल्या नव्हे, त्याच्याही आधीच्या महिन्यातल्या व्यवहारांचा असतो आणि तो चालू किमतींचा असतो, महागाई वजा करायची राहिलेली. दुसरं, पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. बँक कर्जाच्या जिल्हावार तक्त्यात फक्त ‘इंदूर’ निवडाल तर तिथले कारखाने निसटतील, आणि कर्ज इंदूरच्या शाखेतून मंजूर झालं असेल तर उलटही होईल. तक्ता मंजुरीच्या जागेचा आहे की वापराच्या, ते शीर्षकात बघून धार आणि इंदूर दोन्ही जिल्हे एकत्र घ्या.