साखरेच्या पाण्याचे दोन तास

चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात गरोदरपणातल्या साखरेची तपासणी होते. 75 ग्रॅम ग्लुकोज, साधारण 300 मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी जायचं की खाऊन, हे आदल्या दिवशीच विचारा. कुठे चालतं, कुठे नाही. आम्ही विचारलं नव्हतं. ही पोहे खाऊन निघाली आणि सिडको ते कॉलेज रोड अशी फेरी वाया गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घोटालाच म्हणाली, "अरे, हा तर गुलाबजामचा पाक आहे, तोही शिळा!" पाणी गार घ्या, नाक धरून नको, पण रेंगाळूही नका. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा दुसऱ्या दिवशी. आमची झाली, विसाव्या मिनिटाला, माझ्या रुमालात. म्हणून पिशवी आणि जुना टॉवेल जवळ ठेवाच.

दोन तास बसून राहायचं, खायचं काही नाही. नवऱ्यांनो, त्या वेळात तुम्हीही खाऊ नका. मी खाली जाऊन मिसळ हाणून आलो आणि तर्रीचा वास घेऊन शेजारी बसलो. तिने खुर्ची बदलली.

आकडा 140 किंवा वर आला तर घाबरू नका, डॉक्टर आधी आहार आणि चालणं सांगतात. आमचा 118 आला. रक्त दिल्यावर लगेच खायला डबा न्या. आम्ही थालीपीठ नेलं होतं, दही मात्र घरीच राहिलं.