आखेनमधला किराणा आणि पट्टीवरचा बारीक आकडा

मास्टर्ससाठी जर्मनीत आखेनला आले तेव्हा पहिला महिनाभर मी प्रत्येक किंमत मनातल्या मनात रुपयांत मोजत होते. कोथिंबिरीची इवलीशी कुंडी शे-दीडशे रुपयांना? ठेव परत. मग रात्री ब्रेड-जॅम. ही सवय जितकी लवकर सुटेल तितकं बरं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरलेले पैसे आम्हाला दरमहा ९९२ युरोंच्या हप्त्याने मिळायचे. भाडं आणि आरोग्यविमा वजा जाऊन जे उरतं, तेवढ्यात बसतं का हे बघायचं. डोंबिवलीच्या भाजी मार्केटशी तुलना करून नुसतं पोट जळतं, भरत नाही.

भाव ताडून बघायची सोय मात्र दुकानातच असते. फळीवरच्या पट्टीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो, त्याला ‘ग्रुंडप्राइस’ म्हणतात. मी दोन महिने तो वाचलाच नव्हता. २५० ग्रॅम चेरी टोमॅटोची डबी १.४९ युरोंना म्हणून स्वस्त समजून घ्यायचे. किलोला ते जवळजवळ सहा युरो पडत होते आणि शेजारीच सुटे टोमॅटो त्याच्या निम्म्याहून कमी भावात होते. काकडी आणि फ्लॉवर बहुधा नगावर मिळतात, तेव्हा हाताळून जड असेल तो उचलावा.

सुपरमार्केटांपैकी आल्डी-लिडल स्वस्त आणि रेवे-एडेका महाग, असं सीनियर सांगतात. अर्धंच खरं आहे ते. रेवेत ‘या!’ आणि एडेकात ‘गुट उंड ग्युन्स्टिग’ हे त्यांचे घरचे ब्रँड असतात. त्यांचं दूध, तांदूळ, साखर साधारण आल्डीच्याच भावात मिळते. फक्त वाकून खालच्या फळीवर बघावं लागतं. डोळ्यांसमोरची फळी महागाचीच.

पिठाचं मात्र आधीच ऐकून ठेवा. सगळीकडे मिळणारं ‘टाइप ४०५’ म्हणजे जवळपास मैदाच. त्याच्या पोळ्या गार झाल्या की चप्पल. १०५० नंबरचं घेतलं तर निभावतं. खरी कणीक भारतीय दुकानातच, आणि तूरडाळही. मसूर, छोले, भेंडी, पुदिना आणि कोथिंबिरीची भरघोस जुडी हवी असेल तर तुर्की दुकान गाठा. तिथे दही बादलीने मिळतं, आणि आंबट, आपल्यासारखं. ‘बुटरमिल्श’ला मीठ-जिरं लावलं की ताक. मागरक्वार्क, म्हणजे इथलं बिनसायीचं चक्क्यासारखं ताजं चीज, रात्रभर फडक्यात टांगून त्याचं श्रीखंड केलं होतं, पाडव्याला. केशर घरून आणलेलं. हॉस्टेलमधल्या नाशिककर दादाने वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली, म्हणजे जमलं असावं.

पहिल्याच आठवड्यात मी पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या आणि बिलात दीड युरो जास्त लागला. कॅशियरला विचारण्याइतकं जर्मन नव्हतं, मागे रांग, आणि ती बाई सामान इतक्या वेगाने सरकवते की पिशवीत भरतानाच तारांबळ. ते पैसे ‘फांड’चे होते: अशा प्रत्येक बाटलीमागे २५ सेंट अनामत. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी मिळते आणि ती बिलातून वजा होते. मी सहाही बाटल्या चेपून कचऱ्यात टाकल्या होत्या. शिवाय पाणी सोड्याचं निघालं ते वेगळंच. साधं हवं असेल तर ‘श्टिल’ शब्द बघायचा, नाहीतर सरळ नळाचं प्यावं. चांगलं असतं.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळपर्यंत आठवण झाली नाही, तर आखेनकरांचा उपाय आहे: बसने सीमेपलीकडे नेदरलंड्समधल्या फाल्सला जायचं, तिथली सुपरमार्केटं रविवारीही उघडी असतात. फक्त तिथल्या कॅनची अनामत तिथेच परत मिळते. माझे चार कॅन इथल्या मशीनने एकेक करून बाहेर ढकलले, ते अजून खिडकीत आहेत.